धायटी : सातपुड्याच्या कातळावरचं तांबडं झुडूप

बाळंतिणीला दशमूलारिष्ट आणि आजारातून उठलेल्या माणसाला द्राक्षासव देण्याची पद्धत खानदेशात अजून घरोघरी आहे. त्या बाटलीच्या मागचा बारीक अक्षरांतला मजकूर कधी वाचला, तर इतर औषधांच्या रांगेत ‘धातकी’ किंवा ‘धातकीपुष्प’ असं एक नाव सापडतं. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पोटात हे झाड कधी ना कधी गेलेलं आहे. प्रत्यक्षात ते पाहिलेली माणसं मात्र फार थोडी. आणि राहतं कुठे, तर आपल्याच उशाशी, सातपुड्यात. मराठीत त्याला धायटी म्हणतात.

धायटी पाहायची तर माघ-फाल्गुनात शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढावा, किंवा रावेरकडून पालच्या जंगलात शिरावं. त्या दिवसांत सगळ्यांची नजर पळसावर असते, आणि ते साहजिकच आहे. पानं गळून भुरा पडलेल्या डोंगरात पळस पेटलेला असतो. पण नजर पळसावरून जरा खाली आणली, रस्त्यासाठी जिथे डोंगर कापलाय त्या दगडी भिंतीकडे वळवली, की फटीफटीतून बाहेर झुकलेली झुडपं दिसतात. कमरेइतकी, फार तर डोक्याच्या थोडी वर. बुडापासूनच अनेक फांद्या फुटलेल्या, लांब, लवचीक, कमानीसारख्या वाकलेल्या. आणि त्या फांद्यांना शेंड्यापासून मागपर्यंत बारीक तांबड्या नळ्या लगडलेल्या. ती धायटी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण गल्लत नेहमी होते. धावडा वेगळा आणि धायटी वेगळी. धावडा हा डिंक देणारा, पांढरट सालीचा मोठा वृक्ष. तोही सातपुड्यातलाच, पण दोघांचं कूळ एक नाही आणि फुलांत काही साम्य नाही.

आता धायटीचं एक फूल तोडून हातात घ्या. लांबी एक ते दीड सेंटिमीटर. बुडाशी जरा फुगीर, पुढे निमुळती, किंचित वाकडी अशी एक नळी. तिच्यावर उभ्या बारीक रेषा. नळीच्या तोंडाशी सहा छोटे त्रिकोणी दाते. तोंडातून केसरांचा झुबका बाहेर डोकावतो आणि त्याच्याही पुढे एक लांब तंतू येतो, तो स्त्रीकेसराचा. नखाने नळी उभी चिरली तर केसर मोजता येतात, ते बारा भरतात आणि सगळे नळीच्या बुडाजवळून निघालेले असतात. तिथेच तळाशी दोन कप्प्यांचं लांबट बीजांडकोश बसलेलं असतं आणि बोटाला चिकट ओल लागते. हा मध.

मग पाकळ्या कुठे गेल्या? बहुतेक लोक तांबड्या नळीलाच पाकळी समजतात. भिंग घेऊन नळीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, की सहा दात्यांच्या मधल्या सहा खाचांत सहा अगदी अरुंद, पातळ पट्ट्या दिसतात. दात्यांपेक्षा जेमतेम लांब. त्या धायटीच्या खऱ्या पाकळ्या. लांबून त्या दिसतच नाहीत. फुलाचा सगळा दिमाख ज्या नळीचा आहे, ती एरवी फुलाच्या बुडाशी हिरव्या वाटीसारखी बसणाऱ्या भागातून घडलेली आहे. वनस्पतिशास्त्रात तिला पुष्पनलिका म्हणू. पाकळ्या, केसर आणि बाहेरचे दाते, सगळे याच नळीच्या आधाराने उभे असतात.

ही नळी समजून घ्यायला सगळ्यात सोपं उदाहरण आपल्या बाजारातच आहे. डाळिंब घ्या. त्याच्या टोकाला जो जाड, दातेरी मुकुट असतो, तो म्हणजे डाळिंबाच्या फुलाच्या अशाच नळीचं उरलेलं तोंड. डाळिंबाचं फूल झाडावर पाहिलंत तर ती लाल, मांसल, दातेरी नळी स्पष्ट दिसते. फरक एवढाच की तिथे तिच्यातून चुरगळलेल्या मोठ्या लाल पाकळ्या बाहेर येतात. हे साम्य योगायोगाचं नाही. धायटी आणि डाळिंब एकाच कुळातले, लिथ्रेसी म्हणजे मेंदीच्या कुळातले. पूर्वी डाळिंबाचं कूळ स्वतंत्र मानत, शिंगाड्याचंही वेगळं मानत. जनुकांचा अभ्यास झाल्यावर दोघांना या कुळात आणून बसवलं. अंगणातली मेंदी, तळ्यातला शिंगाडा, बागेतलं डाळिंब, सातपुड्यातला बोंडारा आणि महाराष्ट्राचं राज्यपुष्प ताम्हण हे सगळे धायटीचे भाऊबंद. ताम्हणाने पाकळ्यांवर सगळी हौस केली, धायटीने पाकळ्या जवळजवळ टाकूनच दिल्या आणि नळीला रंग चढवला.

असं का केलं असावं, हे समजायला ती फुलते तो काळ आणि ती राहते ती जागा पाहावी लागते.

खानदेश म्हटलं की तापीकाठची काळी जमीन, कापूस आणि केळी डोळ्यांपुढे येतात. पण त्या काळ्या जमिनीच्या दोन्ही अंगांना उघडा कातळ आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला, आणि असे थरांवर थर साचून दख्खनचा बसाल्ट तयार झाला. धुळे-नंदुरबारच्या माळावर लांबच लांब सरळ दगडी धारा दिसतात, त्या याच काळातल्या भेगांत गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंती. भोवतालचा खडक झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. सातपुड्याच्या उतारावर एक थर टणक, तर खालचा किंवा वरचा भुसभुशीत, असं आलटून-पालटून येतं. टणक थराचा कडा होतो, भुसभुशीत थराचा उतार. तोरणमाळचं पठार हजार मीटरच्या वर आहे, आणि तिथवर चढताना हे कडे-उतार एकावर एक मोजता येतात.

टणक थराच्या कड्यात उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी या भेगांतून आत मुरतं आणि वरचा दगड चैत्रात तापून पाय ठेवू देत नाही तेव्हाही आत खोलवर थोडी ओल धरून ठेवतं. पण भेगेत माती असते मूठभर. मोठ्या वृक्षाला ती पुरत नाही, गवताची मुळं खोल पोचत नाहीत. धायटी नेमकी या मधल्या जागेत बसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एखादं झाड खडकावर वाढतं म्हणजे त्याला खडक आवडतो, असं आपण सहज म्हणून जातो. धायटीला चांगली माती दिली तर ती तिथेही झकास वाढते. अडचण मातीची नाही, शेजाऱ्यांची आहे. तिचं बी इतकं बारीक असतं की त्यात कोंबासाठी शिदोरी जवळपास नसतेच. पालापाचोळ्याच्या थराखाली ते पडलं तर कोंब वर येईपर्यंत साठा संपतो. गवताच्या दाटीत पडलं तर ऊन मिळत नाही. उघडा मुरूम, दरड कोसळून सोललेला उतार, रस्त्याचा ताजा काप, खडकाची भेग: जिथे दुसरं कोणी फिरकत नाही तिथेच या बियाला पहिला श्वास घेता येतो. हिमालयाच्या पायथ्याशीही दरडींच्या उतारांवर लवकर येऊन ठाण मांडणाऱ्या झुडपांत धायटी आहे. तिचा पसारा मोठा आहे: भारतीय उपखंड, दक्षिण चीन, इंडोनेशिया, इकडे मादागास्कर. या प्रजातीची एकच सख्खी बहीण आहे, ती इथिओपिया आणि अरबस्तानच्या बाजूला राहते. वुडफोर्डिया या नावाच्या गटात या दोघीच. लिनियसने १७५९ मध्ये धायटीला दुसऱ्याच गटात टाकलं होतं. १८०६ मध्ये सॉल्सबरी या इंग्रज वनस्पतिज्ञाने वुडफोर्डिया हा गट केला आणि १८७१ मध्ये कुर्झ याने आजचं वुडफोर्डिया फ्रुटिकोसा हे नाव पक्कं केलं.

आता वेळापत्रक. पावसाळ्यात आणि नंतर कार्तिकापर्यंत धायटी पानांनी भरलेली असते. या चार-पाच महिन्यांत ती वर्षभराचं अन्न कमावते आणि खोडात, मुळांत स्टार्चच्या रूपात साठवते. हिवाळा उतरू लागला की बरीचशी पानं गाळते. पान म्हणजे पाणी बाहेर जाण्याचं दार. कातळावर उन्हाळा काढायचा तर ती दारं जमतील तेवढी बंद केलेली बरी. मग साठवलेल्या अन्नावर, पानं गळालेल्या जुन्या फांद्यांवर, जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत ती फुलते. पानं नसल्यामुळे फुलं झाकली जात नाहीत. पळस, पांगारा आणि काटेसावर हेच करतात, आणि चौघांचाही रंग तांबड्याच्या घरातला आहे. सगळे पक्ष्यांना बोलावतात.

मधमाशीच्या डोळ्याला तांबडा रंग नीट उमगत नाही, पक्ष्याला तो लांबून दिसतो. धायटीला वास जवळपास नाही. पक्ष्याला वासाने बोलावून उपयोगही नसतो. नळी खोल, बुडाशी मध, आणि पक्ष्यांच्या फुलांत तो सहसा पातळ असतो, म्हणजे पिणाऱ्याला साखरेबरोबर पाणीही मिळतं. ओढे आटलेल्या दिवसांत ही मोठी गोष्ट आहे. शिंजीर धायटीचा नेहमीचा गिऱ्हाईक. याच दिवसांत त्याचा नर विणीच्या रंगात येतो, जांभळा-काळा, चकचकीत. तो हवेत तरंगत मध पीत नाही; त्याला बसायला जागा लागते, आणि धायटीची फुलं फांदीला लगटूनच येत असल्याने ती जागा जिथल्या तिथे मिळते. बाकदार चोच नळीत शिरली की बाहेर आलेले केसर त्याच्या तोंडाभोवतीच्या पिसांना घासतात. पुढच्या झुडपावर गेला की तिथल्या केसरांच्याही पुढे आलेल्या स्त्रीकेसराच्या टोकाला तो पराग लागतो. बुलबुल येतात, चष्मेवाला येतो. रंग फारसा उमगत नसला तरी मधमाश्याही येतात आणि परागाचे गोळे पायाला लावून नेतात. फाल्गुनात सकाळी आठच्या आत धायटीच्या झुडपाजवळ शांत उभं राहिलं, तर ही सगळी वर्दळ हाताच्या अंतरावरून पाहायला मिळते.

नळीचा फायदा आता लक्षात येईल. पातळ पाकळी त्या उन्हात लवकर कोमेजून गेली असती. नळीची भिंत जाड, ती मध सुकू देत नाही आणि आतल्या बीजांडकोशाला सावली करते. परागण झाल्यावरही ती गळून पडत नाही. आत फळ वाढतं, बाहेर नळी वाळत वाळत त्याला गुंडाळून राहते. मधल्या काळात तिचा तांबडा रंग टिकून असतो, त्यामुळे ज्या फुलांतला मध संपलाय तीही लांबून पक्ष्यांना झुडूप दाखवण्याचं काम करत राहतात. पाकळ्यांचा एवढा खर्च वाचवून एकाच अवयवाकडून धायटीने चार कामं काढून घेतली आहेत. मला या झाडाबद्दल सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं.

पानाकडेही एकदा पाहावं. पानं समोरासमोर, देठ नाहीच म्हटलं तरी चालेल, बूड गोलसर आणि टोक भाल्यासारखं. वरून हिरवं, उलटं केलं की खालची बाजू भुरकट पांढरी, मऊ लवीची. पानाची श्वासरंध्रं खालच्या बाजूला असतात, त्यांच्यावर ही लव पांघरुणाचं काम करते, गरम वारा थेट लागू देत नाही. त्या लवीत टाचणीने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके विखुरलेले दिसतात. रोग नव्हे, त्या ग्रंथी आहेत. असेच ठिपके फुलाच्या नळीवरही असतात. फुलं नसताना धायटी ओळखायची झाली तर पान उलटून हे ठिपके शोधावेत, आणि जोडीला जुन्या खोडाची तांबूस तपकिरी साल पाहावी. ती धाग्याधाग्यांनी, पातळ पट्ट्यांनी सुटत असते.

आता टॅनिनकडे, म्हणजे झाडातल्या तुरट द्रव्याकडे येतो, कारण धायटीची माणसांशी गाठ त्यानेच घातली. कच्चं केळं किंवा कच्चा जांभूळ खाल्ला की तोंड आवळतं, जीभ कोरडी पडते. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं. लाळेतली वंगणासारखी काम करणारी प्रथिनं त्याने पकडली की तोंड खरखरीत लागतं. आपण त्याला तुरट चव म्हणतो. किड्याच्या पोटात हेच घडतं: खाल्लेल्या पानातली प्रथिनं टॅनिनने बांधली जातात, अंगी लागत नाहीत. कातळावर मोजक्या अन्नात जगणाऱ्या झुडपाला गेलेलं पान पुन्हा उगवणं महागात पडतं, म्हणून ते आधीच तुरट करून ठेवणं परवडतं. गुरंही धायटीच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. चराईने उघड्या पडलेल्या उतारांवर ती टिकून दिसते त्याचं हे एक कारण. वाळलेल्या फुलांच्या वजनात पाचव्या हिश्शाच्या आसपास टॅनिनच असतं. डाळिंबाच्या सालीत ज्या जातीची टॅनिनं असतात त्याच जातीची ही आहेत, भाऊबंदकी इथेही दिसते. रसायनशास्त्रज्ञांनी त्यांतली काही वेगळी काढली आणि त्यांना झाडावरूनच वुडफोर्डिन हे नाव दिलं.

प्रथिनाला धरण्याचा हाच गुण कातडं कमावायला उपयोगी पडतो. कच्च्या कातड्यातलं प्रथिन टॅनिनने बांधलं की ते कुजत नाही. कापूस रंगवतानाही टॅनिनच मदतीला येई, पण जरा वेगळ्या वाटेने. सुती धाग्यावर वनस्पतीचा रंग सहसा पक्का बसत नाही. त्याला मधे तुरटीसारखा धातूचा क्षार लागतो. पण तो क्षारही सुतावर नीट ठरत नाही. सूत आधी टॅनिनच्या पाण्यात बुडवलं की टॅनिन धाग्याला चिकटतं, क्षार टॅनिनला चिकटतो आणि रंग क्षाराला. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून जो पक्का लाल रंग काढत, त्याच्या जोडीला धायटीची फुलं वापरली जात. १८६८-६९ मध्ये युरोपात कृत्रिम ॲलिझरिन, म्हणजे तसाच लाल रंग, तयार झालं, पुढच्या काही दशकांत आलीची शेती बुडाली आणि धायटीचं हे कामही गेलं.

आसव-अरिष्टांचं काम मात्र गेलं नाही. त्यामागचं विज्ञान मला फार सुंदर वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अरिष्ट करताना औषधांचा काढा करतात, त्यात गूळ, साखर किंवा मध घालतात, काढा पूर्ण गार होऊ देतात आणि मगच धायटीची वाळलेली फुलं टाकतात. आतून तूप लावलेल्या मातीच्या घड्यात हे भरून, तोंडावर कापड बांधून, त्यावर माती लिंपून घडा बंद करतात आणि धान्याच्या राशीत किंवा उबदार कोपऱ्यात काही आठवडे ठेवून देतात. याला संधान म्हणतात. काढा गार झाल्यावरच फुलं का? तर फुलात जिवंत काहीतरी असतं, ते गरम काढ्यात मरून जाईल. ते म्हणजे यीस्ट, एका पेशीची बुरशी. फुलातल्या मधावर ती वाढते, पक्षी आणि मधमाश्या तिला एका फुलातून दुसऱ्या फुलात पोचवतात, आणि फूल वाळलं तरी तिच्या काही पेशी जिवंत राहतात. गुळाच्या पाण्यात पडल्यावर त्या जाग्या होतात, साखर खातात आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतात. फूल स्वतःची थोडी साखरही देतं. आणि टॅनिन देतं, त्यामुळे काढ्यात तुरटपणा येतो, तो अनेक जिवाणूंना मानवत नाही, यीस्टला चालतो.

घड्याला कान लावला की आत बुडबुड्यांचा आवाज येतो. पेटती काडी तोंडाशी नेली की विझते, कारण वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. आवाज थांबला, काडी विझेनाशी झाली, फुलं तळाशी बसली, की संधान पुरं झालं असं वैद्य मानतात. तयार अरिष्टात अल्कोहोल साधारण पाच ते बारा टक्के असतं, आणि ते बाहेरून घातलेलं नसतं. काढ्यातली जी द्रव्यं नुसत्या पाण्यात उतरत नाहीत ती या अल्कोहोलमध्ये उतरतात, शिवाय औषध वर्षानुवर्षं टिकतं. आता काही कारखाने वेगळं वाढवलेलं यीस्टही वापरतात, पण धायटी वगळलेली नाही. औषध म्हणून ती कशावर चालते, हे मी इथे लिहीत नाही. ते वैद्याने रोगी पाहून सांगायचं काम आहे.

ही फुलं येतात जंगलातूनच. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांतल्या बायका-मुलं होळीच्या आगेमागे ती गोळा करतात. मोहाची फुलं वेचण्याआधीचे हे दिवस; शेतात काम नसतं, हातात पैसा नसतो, बाजार आणि भोंगऱ्या, म्हणजे होळीआधीचा आदिवासींचा बाजार-उत्सव, तोंडावर आलेले असतात. धडगावच्या बाजूला अंगणात वाळत घातलेल्या फुलांचा थर पाहून एका मावशींना मी विचारलं, एवढा पातळ का पसरलाय? त्या म्हणाल्या, “ओलं फूल गोणीत कोंबलं की रातोरात काळं पडतं. मग व्यापारी हात लावत नाही.” ओलं फूल कोंडलं की काय होतं, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला आहे, आणि धायटीचं फूल त्यातच मोडतं. तेव्हा या बायकांनी फुलं तोडूच नयेत असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, मलाही नाही. पण झाडाच्या बाजूने एक अडचण आहे, ती मांडायलाच हवी. बाजारात ज्याला फूल म्हणतात ती नळी आहे, आणि नळीच्या आत फळ असतं. लवकर तोडली तर फळ धरतच नाही. उशिरा तोडली तर धरलेलं फळ नळीबरोबर घड्यात जातं. दोन्हीकडून बी गेलं.

हे नुकसान लवकर डोळ्यांवर येत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. धायटी तोडली, वणव्यात होरपळली, तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. सालीत दम नसतो, पण जमिनीलगतच्या खोडात आणि मुळांत साठा असतो, त्यावर पहिल्या पावसात नवे फुटवे येतात. म्हणून एखाद्या उतारावरची झुडपं दरवर्षी पुरती ओरबाडली तरी तो उतार पुढची अनेक वर्षं तांबडा दिसत राहतो. फक्त त्यात नवं रोप एकही नसतं. जुनी झुडपं थकली की सगळी एकदमच जातात. उतारावर धायटी किती आहे हे मोजून काही कळत नाही. वीतभर उंचीची किती आहे ते पाहावं लागतं.

उपाय फार अवघड नाही. प्रत्येक उतारावरची काही झुडपं ज्येष्ठापर्यंत हात न लावता सोडावीत, आणि ती शक्यतो सगळ्यात वरच्या अंगाची असावीत. फळ वाळून फुटलं की बी वाऱ्यावर आणि मृगाच्या पहिल्या ओघळाबरोबर खाली येतं. वरची झुडपं राखली तर खालचा सगळा उतार पेरला जातो. उरलेल्यांची फुलं तोडताना फांदी मोडू नये, हाताने ओरपून घ्यावीत, कारण पुढच्या वर्षीचं फूल याच जुन्या फांदीवर येणार असतं.

कोणाला रोपं करायची असतील, तर वैशाखात तपकिरी झालेल्या नळ्या कापडी पिशवीत काढून सावलीत वाळवाव्यात. चोळल्या की धुळीसारखं बी तळाशी जमतं. गाळलेली माती आणि बारीक रेती समप्रमाणात ट्रेमध्ये भरून, आधी पाणी देऊन, त्या ओल्या मातीवर बी नुसतं भुरभुरावं. वरून माती टाकू नये. झारीची धारही नको, बी वाहून एका कोपऱ्यात जातं. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवावा म्हणजे ओल खालून चढते. रोपं बोटभर झाली की पिशव्यांत हलवावीत आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी लावावीत. शेताच्या काळ्या बांधावर नको. डोंगरउतारावरच्या दगडी बांधाच्या वरच्या बाजूला, जिथे वाहून आलेला मुरूम साचतो आणि दिवसभर ऊन असतं, तिथे.